ब्रिज करताना कमरेत ताण आणि मांडीमागे पेटका: नेमकं काय चुकतं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: 'माझं वय 43. राहायला भांडुप, नोकरी फोर्टमध्ये. दिवसाचे आठ-नऊ तास खुर्चीत जातात. कंबर दुखायची म्हणून तीन आठवड्यांपासून व्हिडिओ बघून ग्लूट ब्रिज (उताणं झोपून, गुडघे वाकवून कुल्ले वर उचलायचा व्यायाम) करते आहे, रोज 50. कुल्ल्यांत काहीच जाणवत नाही. ताण कमरेतच येतो, आणि मधूनच मांडीच्या मागे असा पेटका येतो की व्यायाम सोडून पाय चोळत बसावं लागतं. माझं चुकतंय, की हा व्यायामच माझ्यासाठी नाही?'

व्यायाम तुमच्यासाठीच आहे, आणि तो सोडू नका. मी 24 वर्षं फिजिओथेरपी करते आहे. दादरच्या माझ्या दवाखान्यात जवळजवळ दर आठवड्याला कुणीतरी नेमक्या याच दोन तक्रारी घेऊन येतं. वरवर त्या वेगळ्या वाटतात, पण मूळ एकच आहे. ब्रिज ही खुब्याच्या सांध्यातली हालचाल आहे. तुम्ही ती खुब्यातून न करता वरच्या बाजूला कमरेतून आणि खालच्या बाजूला गुडघ्याच्या मागून करताय. ज्या स्नायूने मुख्य काम करायचं, तो मधल्यामध्ये सुटतो आहे आणि त्याचे दोन शेजारी राबताहेत.

आधी एका शब्दाबद्दल बोलू, कारण निम्मा घोळ तिथेच होतो. आपल्याकडे 'कंबर' हा शब्द फार मोठ्या भागाला वापरतात. 'कंबर दुखते' म्हणून आलेल्या पेशंटला मी सांगते, नेमकं कुठे ते हाताने दाखवा. कुणी पाठीच्या खालच्या पोकळीवर हात ठेवतं, कुणी माकडहाडाच्या बाजूला, कुणी थेट कुल्ल्यावर, तर कुणी मांडीच्या बाहेरच्या बाजूला. चौघांचंही दुखणं वेगळं असतं. कुल्ला हा शब्द उच्चारायला तर फारच संकोच. बायका 'मागचा भाग' म्हणतात, पुरुष 'सीट' म्हणतात. ज्या अवयवाचं नाव घ्यायची लाज वाटते तिथे लक्ष देऊन काम करून घेणं अवघड जातं, असा माझा अनुभव आहे. म्हणून मी इथे सरळ कुल्ला आणि खुबा असंच लिहिणार आहे. खुबा म्हणजे मांडीचं हाड जिथे कमरेच्या हाडात बसतं तो सांधा. त्याच्या मागे जो मांसल भाग आहे तो कुल्ला.

कुल्ल्याचा मोठा स्नायू, ग्लुटियस मॅक्सिमस, हा आपल्या शरीरातला आकाराने सर्वांत मोठा स्नायू आहे. तो कमरेच्या हाडाच्या मागच्या बाजूपासून आणि माकडहाडाच्या कडेपासून निघतो आणि मांडीच्या हाडाला, तसंच मांडीच्या बाहेरून गुडघ्यापर्यंत उतरणाऱ्या जाड पट्टीला जाऊन मिळतो. मांडी मागे नेणं, म्हणजे वाकलेला खुबा सरळ करणं, हे त्याचं मुख्य काम. मांडी बाहेरच्या बाजूला वळवायलाही तो मदत करतो. त्याच्या खाली हॅमस्ट्रिंग, म्हणजे मांडीमागचे तीन स्नायू. आपण ज्या हाडांवर टेकून बसतो तिथून ते निघतात आणि गुडघ्याच्या खाली जाऊन चिकटतात. म्हणजे ते दोन सांधे ओलांडतात. खुबा सरळ करायलाही तेच आणि गुडघा वाकवायलाही तेच. तुमच्या पेटक्याचं उत्तर या दोन सांध्यांत आहे. तिकडे मी येतेच.

त्याआधी एक शंका दूर करते. 'मी तर रोज स्टेशनपर्यंत चालते, गाडीत उभी राहते, मग कुल्ले कमजोर कसे?' हे मला नेहमी विचारतात. सपाट रस्त्यावर साध्या चालीने चालताना या मोठ्या स्नायूला फारसं काम पडतच नाही. तो खऱ्या अर्थाने कामाला लागतो तो धावताना, जिना किंवा चढ चढताना, आणि खाली बसलेल्या माणसाला उठून उभं राहायचं असतं तेव्हा. आपल्या आज्यांना हे काम दिवसभर मिळत असे: पाटावर जेवण, खाली बसून भाजी चिरणं, भारतीय पद्धतीचा संडास. आता टेबल आहे, कमोड आहे, ऑफिसात लिफ्ट आहे आणि प्लॅटफॉर्मवर सरकता जिना आहे. 'ग्लूट झोपलेत' असं हल्ली बोललं जातं. ते झोपत वगैरे नाहीत. तुमच्या कुल्ल्यातली नस आणि स्नायू दोन्ही व्यवस्थित आहेत. दिवसभरात त्यांना जोर लावायची वेळ येत नाही एवढंच. त्यामुळे जोर लावायची वेळ आली की शरीर सवयीचे स्नायू आधी पुढे करतं.

आता तुमचा ब्रिज. बारकावे इथेच आहेत, म्हणून सावकाश वाचा आणि जमलं तर वाचतावाचता करून बघा.

पलंगावर करू नका. गादी खाली दबते, कमरेला हवी तशी पोकळी करून देते आणि टाचांना रेटा मिळत नाही. लादीवर सतरंजी किंवा योगा मॅट पुरे. सोफा आणि टीव्हीच्या मधली एका माणसाची जागा या व्यायामाला भरपूर होते. उताणं झोपा, गुडघे वाकवा, पावलं खुब्यांइतक्या अंतरावर ठेवा. टाचा कुल्ल्यांच्या किती जवळ? हात शरीराच्या बाजूला लांब करा. मधल्या बोटाचं टोक टाचेला जेमतेम लागावं. बहुतेकांना एवढं अंतर जमतं. तुमच्यासारख्या पेटका येणाऱ्यांनी आणखी दोन-तीन बोटं जवळ घ्यावं.

आता उचलायची घाई करू नका. कमरेखाली एक हात सरकवा. तिथे पोकळी असेल. श्वास सोडा. तोंडातून, हळू, पूर्ण. श्वास सुटताना बरगड्या खाली बसतात आणि ओटीपोट आत जातं. त्याच वेळी माकडहाड किंचित, अगदी किंचित, छताकडे वळवा. हातावर कमरेचा हलका दाब आला पाहिजे. हात चिरडला जाईल इतका नको. हा दाब आला म्हणजे तुमचा कणा आता वाकायला मोकळा नाही, हालचाल खुब्यातूनच होणार. माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या सात-आठ जणांकडून ही एवढी पायरी सुटलेली असते, कारण व्हिडिओत ती दिसतच नाही. बाहेरून बघणाऱ्याला माणूस नुसता पडलेला दिसतो.

हात काढून घ्या. आता टाचांनी लादी खाली दाबा आणि किंचित पुढे, म्हणजे स्वतःपासून लांब, ढकलल्यासारखा जोर द्या. पावलं जागची हलणार नाहीत, फक्त जोराची दिशा तशी ठेवायची. कुल्ले आवळा. मग वर या. क्रम उलटा करू नका. आधी आवळणं, मग उचलणं. वर पोहोचल्यावर गुडघा, खुबा आणि खांदा एका तिरक्या रेषेत आले की थांबा. तीन ते पाच आकडे मोजा. श्वास चालू ठेवा. दम कोंडून धरलात तर रक्तदाब वाढतो. उतरताना धपकन पडू नका. वर जायला जेवढा वेळ लागला त्याच्या दुप्पट वेळ घेत खाली या. उतरतानाही स्नायू काम करत असतो, आणि ते काम ताकद वाढवायला फार मोलाचं असतं.

वर असताना एकदा दोन्ही हातांनी कुल्ले चाचपून बघा. संकोच करू नका, घरात तुम्हीच आहात. दोन्ही बाजू सारख्या टणक लागल्या पाहिजेत. एक टणक आणि एक मऊ असेल तर त्या मऊ बाजूच्या टाचेवर मुद्दाम थोडा जास्त जोर द्या. काहीच जाणवत नसेल तर गुडघ्यांच्या जरा वर ओढणी सैलसर बांधा आणि तिला बाहेरच्या बाजूला ताणून धरत ब्रिज करा. मांडी बाहेर वळवणं हे याच स्नायूचं दुसरं काम आहे, हे वर सांगितलंच. दोन्ही कामं एकदम मागितली की तो टाळाटाळ करू शकत नाही. दुकानात मिळणारा रबरी पट्टाही चालतो, पण सुरुवातीला ओढणीने भागतं.

उंचीबद्दल मला कळकळीने सांगायचं आहे, कारण ही चूक मी स्वतः लोकांकडून करून घेतली आहे. नवी होते तेव्हा 'अजून वर, अजून थोडं वर' असं मी पेशंटला म्हणत असे. जास्त उंच म्हणजे जास्त व्यायाम, असं माझं गणित होतं. एक आजोबा आठवडाभर माझं ऐकून निष्ठेने उंच उंच उचलत राहिले आणि पुढच्या सोमवारी कंबर धरून आले. मी त्यांना पुन्हा झोपवून बाजूने बघितलं तेव्हा दिसलं, की रेषेत आल्यानंतरची सगळी उंची पाठीच्या कमानीतून येत होती. खुब्यात मांडी शरीराच्या रेषेच्या मागे फार तर 10 ते 20 अंश जाते, आणि दिवसभर बसून काम करणाऱ्यांच्यात बरेचदा त्याहून कमी. तेवढं संपलं की खुब्याचं काम संपतं. त्यानंतर वर जायला कणा मागे वाकवण्याखेरीज शरीराकडे दुसरा मार्गच नसतो. तुमच्या कमरेत येणारा ताण हा तोच आहे. उद्या दोन इंच कमी उचला. फरक त्याच दिवशी जाणवेल.

तुम्ही कधी योगवर्गाला गेला असाल तर इथे आणखी एक गोंधळ संभवतो. सेतुबंधासन दिसायला जवळपास असंच आहे, पण त्यात छाती हनुवटीकडे न्यायची असते, पाठीची कमान ही त्या आसनाचा भागच आहे, आणि ते स्थिर धरायचं असतं. ते आसन आपल्या जागी उत्तम. पण ते करून कुल्ल्यांची ताकद वाढेल अशी अपेक्षा ठेवणं, किंवा ब्रिज करताना त्या आसनासारखी छाती उचलणं, या दोन्हींत फसगत आहे. ब्रिजमध्ये बरगड्या खालीच राहतात.

आता पेटका. पाणी किंवा क्षार कमी पडले की पेटके येऊ शकतात, आणि ऑक्टोबरच्या उकाड्यात गाडीतून घामाघूम होऊन घरी आलेल्या माणसाने आधी पाणी प्यावं हे बरोबरच. पण पेटका नेमका ब्रिजमध्येच, नेमका मांडीमागे येतो, तेव्हा मी केळं खायला सांगत नाही, पावलं कुठे आहेत ते बघते. गुडघा वाकलेला असला की हॅमस्ट्रिंग खालच्या टोकाकडून आखूड झालेली असते. ब्रिजमध्ये खुबा सरळ होतो तेव्हा ती वरच्या टोकाकडूनही आखूड होते. दोन्हीकडून आखूड झालेल्या स्नायूत जोर कमी उरतो. अशा वेळी कुल्ले नीट कामाला लागले नसतील तर सगळा भार या आखडलेल्या हॅमस्ट्रिंगवर येतो. तिला पेलत नाही आणि ती गोळा होऊन बसते. त्यात पुष्कळ जण वर जाताना नकळत टाचा आपल्याकडे ओढतात. म्हणजे गुडघा आणखी वाकवायचा जोर लावतात, आणि तोही पुन्हा हॅमस्ट्रिंगनेच. म्हणूनच मी तुम्हाला लादी पुढे ढकलायला सांगितलं. ढकलताना मांडीच्या पुढचे स्नायू लागतात आणि मागच्यांना आपोआप थोडी ढील मिळते. पाऊल जवळ घेणं, जोर पुढे देणं आणि आधी कुल्ले आवळणं, एवढं केलं की बहुतेकांचा पेटका पहिल्या आठवड्यातच थांबतो. मधे आलाच तर गुडघा सरळ करून पावलाची बोटं स्वतःकडे ओढा, सुटेल. त्या दिवशी तेवढ्यावर थांबा.

किती करायचे? रोजचे 50 बंद करा. घाईने केलेल्या 50 मध्ये शेवटचे 30 तुमची कंबरच करते आहे. 10 चा एक सेट, प्रत्येकात वर तीन ते पाच आकडे धरायचं, मधे एक मिनिट विश्रांती, असे तीन सेट. आठवड्यातून तीन दिवस, एकाआड एक. दुसऱ्या दिवशी कुल्ले ठणकले तर घाबरू नका. न वापरलेला स्नायू वापरला की एक ते तीन दिवस असं दुखतं आणि आपोआप जातं. पण दुखणं कमरेच्या मधोमध असेल, किंवा ब्रिज करताकरताच टोचल्यासारखं असेल, तर ते वेगळं. तेव्हा उंची आणखी कमी करा. पहिल्या तीन-चार आठवड्यांत जी ताकद वाढते ती मुख्यतः मेंदू आणि स्नायूतलं दळणवळण सुधारल्यामुळे. स्नायू भरायला त्याहून जास्त काळ लागतो. म्हणून महिन्याभरात आरशात काही दिसलं नाही म्हणून सोडून देऊ नका.

असे तीन सेट सहज, कमरेत काही न जाणवता जमू लागले, की पुढे जायचं. वर धरून ठेवलेल्या ब्रिजमध्ये आळीपाळीने एकेक पाऊल जमिनीपासून इंचभर उचला. कंबर एका बाजूला झुकता कामा नये. बेंबीवर पाण्याने भरलेली वाटी ठेवली आहे असं समजा. हे जमलं की एका पायाचा ब्रिज: एक पाय वर, दुसऱ्या टाचेवर सगळा भार. इथे कुल्ल्याच्या बाजूचा छोटा स्नायू, ग्लुटियस मीडियस, पणाला लागतो. एका पायावर उभं असताना कमरेचं हाड सपाट ठेवायचं काम त्याचं. तो कमजोर असेल तर उचललेल्या पायाच्या बाजूची कंबर खाली पडते. फ्रीडरिश ट्रेंडेलेनबुर्ग या जर्मन शल्यचिकित्सकाने 1895 मध्ये हे लक्षण वर्णन केलं. दवाखान्यात आम्ही आजही ते त्याच्याच नावाने तपासतो. तुम्हीही आरशासमोर एका पायावर अर्धा मिनिट उभं राहून बघू शकता. गाडीत रोज एकाच पायावर रेलून उभं राहणाऱ्यांच्यात, आणि वर्षानुवर्षं लोकलच्या तिघांच्या बाकावर चौथ्या सीटवर एका बाजूला टेकून बसणाऱ्यांच्यात, डावं-उजवं वेगळं निघालेलं मी पुष्कळदा पाहिलं आहे. जी बाजू कमजोर असेल तिच्यापासून सेट सुरू करा. ती जेवढे करू शकेल तेवढेच दुसऱ्या बाजूने करा.

हॅमस्ट्रिंगला वेगळं काम द्यायचं असेल (आणि द्यावंच, नाहीतर ती आखूडच्या आखूड राहते) तर त्याला एक घरगुती व्यायाम मला फार आवडतो. टाचांखाली लादी पुसायचं कोरडं फडकं ठेवा. ब्रिजमध्ये वर या. आता कुल्ले न पाडता टाचा हळूहळू पुढे सरकवत जा, पाच-सहा आकडे मोजत, पाय जवळपास सरळ होईपर्यंत. मग कुल्ले खाली टेकवा, पाय वाकवून परत पहिल्या जागी या. परत येताना वर उचलून ओढू नका, ते नंतर. सुरुवातीला पाच पुरेत. दुसऱ्या दिवशी मांडीमागे चांगलंच कळेल. फरशी खडबडीत असेल तर फडकं सरकत नाही. अशा वेळी टाचा खुर्चीच्या किंवा सोफ्याच्या कडेवर ठेवून, गुडघे थोडेच वाकवून ब्रिज करा. खुर्ची भिंतीला टेकवून ठेवायला विसरू नका. पाय लांब गेला की गुडघा कमी वाकतो, हॅमस्ट्रिंग लांब राहते आणि काम तिच्याकडे जातं. पाय जवळ आला की काम कुल्ल्यांकडे जातं. हा हिशोब लक्षात ठेवला की व्यायाम तुमच्या हातात राहतो.

खेळाडूंसाठी थोडं वेगळं सांगते, कारण असे प्रश्न घेऊन खो-खोची मुलंही येतात. खो मिळाल्या क्षणी बसल्या जागेवरून उठून सुसाट सुटायचं, आणि दिशा मिळाली की मागे फिरायचं नाही. मांडीमागच्या स्नायूला इतकी कठीण परीक्षा क्वचितच कुठे असेल. वेगात धावताना हॅमस्ट्रिंग फाटते ती बहुधा पाय पुढे झेपावलेला असताना, पाऊल जमिनीला लागायच्या जरा आधी, म्हणजे स्नायू लांबलेला असताना. त्यामुळे या मुलांना नुसता ब्रिज पुरत नाही. त्यांना नॉर्डिक लागतं. गुडघे टेकून ताठ उभं राहायचं, साथीदाराने घोटे घट्ट धरायचे, आणि खुब्यात न मोडता पुढे झुकत, जमेल तितकं हळू, जमिनीकडे यायचं. शेवटी हातांवर झेलायचं. फुटबॉलपटूंवर झालेल्या अनेक चाचण्या एकत्र पाहिल्या तर हा व्यायाम नियमाने करणाऱ्या संघांत हॅमस्ट्रिंगच्या दुखापती जवळपास निम्म्याने कमी झालेल्या दिसतात. पण याची सुरुवात आठवड्यातून एकदाच, चार-पाच वेळा. पहिल्याच दिवशी 20 मारणारा मुलगा नंतर चार दिवस वाकून चालतो. जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनची तयारी करणाऱ्यांना मी नॉर्डिकच्या आधी एका पायाचा ब्रिज आणि जिना सांगते. थकल्या पायांनी पेडर रोडचा चढ चढायचा तर कुल्ले साथीला हवेत.

तुम्हाला नॉर्डिकची आज गरज नाही. तुम्हाला जिन्याची आहे. जमिनीवर कमावलेली ताकद उभं राहिल्यावर वापरली नाही तर ती सतरंजीवरच राहते. स्टेशनचा पूल चढताना सरकत्या जिन्याच्या रांगेत न थांबता साध्या पायऱ्या घ्या. पायरीवर नुसता चवडा नको, अख्खं पाऊल ठेवा. धड खुब्यातून थोडं पुढे झुकवा आणि टाच खाली दाबत वर या. मागच्या पायाने उसळी मारू नका. पुढच्या पायाला उचलू द्या. गर्दीच्या वेळी हे जमणार नाही, मागून लोंढा येत असतो. तेव्हा राहू द्या. ऑफिसच्या इमारतीत दोन मजले पुरेत. खुर्चीतून उठतानाही हात न टेकता, धड पुढे झुकवून, टाचांवर जोर देत उठा. दिवसातून दहा-पंधरा वेळा तरी तुम्ही उठताच. तासाभरात एकदा तरी उठाच.

काही जणांनी मात्र थांबून आधी तपासून घ्यावं. ब्रिज करताना कळ कुल्ल्यातून गुडघ्याच्या खाली उतरत असेल, पायाला मुंग्या येत असतील किंवा पाऊल उचलताना अडखळत असेल, तर व्यायाम बंद करून डॉक्टरांना दाखवा. मांड्यांच्या मधल्या भागात बधिरपणा, लघवी किंवा शौचावर ताबा न राहणं, ही लक्षणं असतील तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा, उद्यावर ढकलू नका. धावताना मांडीमागे 'टच्' असा आवाज येऊन दुखायला लागलं आणि नंतर काळं-निळं पडलं, तर त्यावर मालीश करू नका आणि ताणूही नका. गरोदरपणाचा पाचवा महिना उलटल्यावर उताणं पडून फार वेळ व्यायाम करणं टाळावं. त्यासाठी उभ्याने करायचे प्रकार आहेत. हाडं ठिसूळ झाल्याचं निदान असेल, किंवा अलीकडेच पोटाची, मणक्याची शस्त्रक्रिया झाली असेल, तर आपल्या सर्जनला विचारल्याशिवाय सुरुवात नको. रक्तदाबाची गोळी चालू असणाऱ्यांना ब्रिज चालतो, फक्त दम कोंडायचा नाही. जेवणानंतर निदान दोन तास जाऊ द्या.

तर येत्या सोमवारपासून तुम्ही एवढंच करा: तीन दिवस, तीन सेट, दहा-दहा, दोन इंच कमी उंची, आणि प्रत्येक वेळी उचलायच्या आधी तो श्वास. पहिला आठवडा फक्त एकाच गोष्टीकडे लक्ष द्या, जोर कुठे जाणवतो. आकडा वाढवू नका. दुसऱ्या आठवड्यात कमरेऐवजी कुल्ल्यांत थकवा येऊ लागला तर आपण योग्य मार्गावर आहोत, ओढणी सोडून बघा. तरीही कमरेतच येत असेल तर कुणालातरी बाजूने एक व्हिडिओ काढायला सांगा, फोन लादीवर ठेवून, खांद्यापासून गुडघ्यापर्यंत सगळं दिसेल असा. तो पाठवा. बरगड्या उघडताहेत की पावलं लांब पडताहेत, ते त्यात लगेच दिसतं.